टणक

जिपार लग्न होऊन काराबुलुंग गावी आली तेव्हा सासूने तिला तीन गोष्टी सांगितल्या. काळी गाय लाथ मारते, चुलीचं दार डाव्या हाताने उघडायचं, आणि सासऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही. पहिल्या दोन गोष्टी सोप्या होत्या. सासऱ्याचं नाव ताश्तानबेक. तिकडच्या भाषेत ‘ताश’ म्हणजे दगड, त्यामुळे नावाबरोबर दगडही गेला. डोंगराच्या कुशीतलं गाव, अंगणात दगड, रस्त्यात दगड, मांसाबरोबर शिजलेल्या गव्हातसुद्धा कधीतरी दगड, आणि सुनेने त्याला दगड म्हणायचं नाही. जिपारने त्याचं नाव ठेवलं ‘टणक’.

तिच्या माहेरी या शब्दावर अजून हसतात. नवऱ्याला, अस्कातला, मूतखडा झाला तेव्हा तिने डॉक्टरला सांगितलं, “यांच्या मूत्रपिंडात टणक झालंय.” डॉक्टर बिचारा रशियात शिकून आलेला. त्याने अस्कातला पालथा पाडून भलतंच तपासलं. ती मात्र हटली नाही. सासू गेली, अस्कात कामासाठी रशियात गेला, गावातल्या नव्या सुना आपापल्या सासऱ्याला खुशाल नावाने बोलू लागल्या, तरी जिपारच्या अंगणात दगड नव्हता तो नव्हताच. टणकच होता. कुणी टोकलं तर म्हणायची, “माझ्या जिभेला वळण पडलंय, आता कशाला मोडू?”

घरात आता दोघंच, सून आणि सासरा. आणि तिसरी ती गाडी, पांढरी जुनी झिगुली. हँडब्रेक कधीचाच गेलेला. त्यात वसंतापासून तिचा स्टार्टरही रुसला होता. किल्ली फिरवली की पोटात कुठेतरी ‘टक्’ वाजायचं आणि मग सगळं गार. मग शेजारचा सादीर यायचा, पाठ लावून ढकलायचा, आणि गाडी खोकत चालू व्हायची.

“जिपार, तुझं नशीब बघ,” सादीर म्हणायचा. “गाडी ढकलल्याशिवाय हलत नाही आणि सासरा ढकलल्याशिवाय जेवत नाही.”

“आणि शेजारी चहा दिल्याशिवाय जात नाही,” जिपार म्हणायची. सादीर हसत चहाला बसायचा.

यात सासऱ्याचं जेवण मात्र खरंच कमी झालं होतं. ताश्तानबेकच्या वयाचं गावात कुणी उरलं नव्हतं. रस्त्यात सगळे त्याला ‘अता’, म्हणजे बाबा, म्हणत, म्हातारेसुद्धा. सगळं गावच त्याची लेकरं झालं होतं. एकदा दाढीला हात लावत तो जिपारला म्हणाला, “अता, अता. कधी कधी वाटतं, माझं नाव माझ्याआधीच पुरलं लोकांनी.” जिपारला वाईट वाटलं. पण ती काय करणार? सगळ्या जगाला मुभा होती, तिला नव्हती.

त्याला नावाने हाक मारणारं एकच माणूस राहिलं होतं. खिंडीपलीकडे राहणारी थोरली बहीण, बातमा एजे, म्हणजे बातमाताई. शरदात तिच्या सुनेचा फोन आला. एजे खंगत चालली होती, सारखी “ताश्तान, ताश्तान” करत होती. येणार असाल तर बर्फ पडायच्या आत या. एकदा खिंड बंद झाली की वसंतापर्यंत उघडणार नाही.

ताश्तानबेकने फोन ठेवला आणि तडक गाडीपाशी जाऊन उभा राहिला. खिंडीत चढावर गाडी बंद पडली तर तिथे ढकलायला सादीर नव्हता, कुणीच नव्हतं. “स्टार्टर बदलायचा,” तो म्हणाला. जिपारने नारीनच्या बाजारातून नवा स्टार्टर आणला. एखादं बाळ आणावं तसा शालीत गुंडाळून मांडीवर घेऊन आली.

शेतांना पाणी नेणारा पाट शरदात कोरडा पडतो. अंगणाबाहेरच्या चढावर गाडी त्या पाटावर दोन्हीकडे पाय टाकून उभी केली, तोंड वर डोंगराकडे. एकीकडची चाकं या काठावर, दुसरीकडची त्या काठावर. पाटात उताणं झोपलं की गाडीचं पोट बरोब्बर डोळ्यांसमोर येतं. गावात सगळे असंच करतात. ताश्तानबेकने गिअर न्यूट्रलवर टाकला. नवा स्टार्टर लावून किल्ली फिरवली आणि गाडी गिअरमध्ये असली तर ती उडी मारेल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मागच्या चाकांना दोन दगड लावले, बॅटरीची तार काढली, आणि पाटात शिरला. पाय तेवढे पुढून बाहेर.

जिपार कडेला बसून पाने देत होती. तेरा नंबरचा पाना, मग तारेचा ब्रश, मग रॉकेलची बाटली. जाड तार सुटली. खालचे दोन बोल्ट सुटले. वरचा तिसरा काही केल्या हलेना.

“काय टणक आहे हा!” गाडीखालून आवाज आला. “पाइप दे. पान्याला लावून जोर देतो.”

तिने पाइप दिला. म्हाताऱ्याच्या दंडात अजून घोडे पाळणाऱ्याची ताकद होती. तो पाइप ओढायचा आणि गाडी जागच्या जागी डुलायची. एक हिसका, दुसरा हिसका. जिपारची नजर सहज मागच्या चाकाकडे गेली. चाकाखालचा दगड सुकलेल्या मातीवरून इंचाइंचाने मागे घसरत होता.

“अता!” ती ओरडली. “टणक सरकतंय!”

“सरकणारच!” खालून खुशीत उत्तर आलं. “सरकायलाच हवा! रॉकेलने काम केलं!” आणि आणखी एक जोरदार हिसका बसला.

“ते नाही हो, अता, हे टणक! हे टणक सुटलं!”

“सुटला? मला नाही वाटत अजून. थांब, आणखी एक लावतो.”

दगड आडवा झाला. गाडी एक वीतभर मागे आली. ‘अता’ म्हटल्याने म्हातारा दचकत नव्हता, दिवसभर सगळं गाव तेच म्हणायचं, त्याच्या कानांनी तो शब्द कधीच सोडून दिला होता. आणि मग तिच्या तोंडून ते निघालं. एवढी वर्षं दातांमागे ठेवलेलं, छातीच्या तळापासून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.

“ताश्तान! ए ताश्तान! दगड!”

गाडीखालचे पाय झटका बसल्यासारखे हलले. म्हातारा कोपरांवर रेटत पुढून बाहेर आला, एखादं पोर नदीतून निघावं तसा. त्याच्या मागे झिगुली कुरकुरत खाली गेली. पाट जिथे वळतो तिथे मागचं चाक आत कोसळलं आणि गाडी दणकन बसली. तिचं पोट पाटाच्या तळाला टेकलं. तिथे अजून त्याची टोपी पडलेली होती.

जिपारने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. ताश्तानबेक मातीत बसून डोंगराकडे बघत होता.

“कोणी हाक मारली?” त्याने विचारलं.

“चुकलं अता. माझी जीभ झडो. मला दुसरं काही सुचलंच नाही.”

“आई अशी हाक मारायची,” तो म्हणाला. “मी घोडे घेऊन नदीपलीकडे गेलो की. ‘ए ताश्तान.’ त्यानंतर एजेशिवाय कुठल्या बाईने...” त्याने बाहीने नाक पुसलं. “मला वाटलं, उशीर झाला, आता मार बसणार.”

जिपारला रडू कोसळलं. तो जिवंत होता म्हणून, आणि या माणसाला एका हाकेसाठी इतकी वर्षं थांबावं लागलं म्हणूनही. त्याने तिच्या डोक्यावर तेलकट हात ठेवला आणि डोक्याला बांधलेला नवा रुमाल खराब केला.

गल्लीतून सादीर धावत आला. त्याने गाडी पाहिली, टोपी पाहिली आणि पहिल्यांदाच काही विनोद केला नाही. चार माणसं जमवून त्याने गाडी वर काढली, या वेळी चारही चाकांना दगड लावले. तिसरा बोल्ट त्या धक्क्याने ढिला झाला होता, हाताने निघाला. जुना स्टार्टर बाहेर आला, नवा बसला, तारा जोडल्या. जिपारने किल्ली फिरवली आणि गाडी एका दमात चालू झाली. सादीर म्हणाला, “झालं, माझा चहा बंद.” जिपारने त्याला चहा, लोणी आणि कणकेचे तळलेले बोरसोक दिले आणि रोज यायचं बजावलं.

दुसऱ्या दिवशी गाडी जिपारनेच चालवली. सासऱ्यानेच तिला शिकवली होती, शेजारी बसून तोच आता रस्ता शिकवत होता. खिंडीच्या माथ्याशी गाडी विरळ हवेत गुदमरून बंद पडली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिने किल्ली फिरवली. चालू. “हं,” म्हातारा म्हणाला, आणि पुढचे दोन डोंगर गाणं गुणगुणत बसला.

बातमा एजे शेगडीजवळ लोकरीच्या नमद्यावर बसली होती, मूठभर झालेली, डोळे मात्र चमकदार. ताश्तानबेक तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला.

“एजे, मी आलो.”

“या अक्साकल, या,” ती परक्या वडीलधाऱ्याशी बोलावं तशी आदराने म्हणाली. “चहा घ्या. कोणत्या गावचे तुम्ही?”

“मी ताश्तान आहे, एजे.”

“ताश्तान?” म्हातारी हसली. “तो घोड्यांमागे गेलाय. लहान आहे हो अजून. यायला उशीर करतो, मला काळजी लागते. तुम्ही चहा घ्या.”

त्याने चहाची वाटी घेतली आणि वाटीतच बघत राहिला. त्याची मान खाली गेलेली जिपारला दारातून दिसली. ज्या एका हाकेसाठी तो खिंड ओलांडून आला ती या खोलीत होती, आणि त्याला मिळत नव्हती.

गाडीतलं लोणी आणते, असं पुटपुटून ती बाहेर आली. अंगणाच्या मध्ये उभी राहिली. काल जीव धोक्यात होता म्हणून शब्द निघाला होता. आज तसं काही नव्हतं. आज ती विचार करून बोलणार होती. सासूची मनात क्षमा मागून तिने तोंडाशी हात धरला आणि डोंगराच्या दिशेने, नदीपलीकडे ऐकू जावं तशी, लांबलचक हाक मारली.

“ताश्तान! ए ताश्ताऽऽन!”

आत काही तरी सांडलं. मग दाराच्या पडद्याआडून म्हातारीचा आवाज आला, धाकट्या भावाला दटावणाऱ्या बहिणीचा.

“बहिरा झालास का रे ताश्तान? आई हाक मारतेय ना! ठेव ती वाटी, ऊठ. नाहीतर मार खाशील, मी नाही हं मध्ये पडणार.”

“जातो, एजे.”

“आणि लवकर ये ताश्तान. तुझा चहा झाकून ठेवते.”

पडदा बाजूला झाला. ताश्तानबेक उंबऱ्यावर आला. टोपी विसरलेला, दाढी ओली. जिपार मान खाली घालून उभी होती, हात पुन्हा तोंडावर.

“आलो गं,” तो मोठ्याने म्हणाला, आतही ऐकू जाईल असं.