पिवळ्या धातूची पोत

ती घटना आजही मनातून गेलेली नाही. नोकरीत दरोडे पाहिले, खून पाहिले. पण एकटा बसलो की आठवते ती एका बाईच्या गळ्यातली पोत.

मी मूळचा कोकणातला. सातवीत शाळा सुटली, शिपाई म्हणून भरती झालो आणि थेट वऱ्हाडात येऊन पडलो. लिहायचं काम आलं की मी ते दुसऱ्याच्या गळ्यात घालायला बघायचो. पहिल्याच पंचनाम्यात मी 'सोन्याची अंगठी' असं लिहिलं. आमचे रायटर हवालदार म्हणाले, "तू सोनार हायेस का बे? सोनं हाये हे तुले काय माईत? पिवळ्या धातूची लिही." त्या माणसाचे माझ्यावर फार उपकार आहेत. पुढे जन्मभर तसंच लिहीत गेलो.

वरूड भागातल्या एका ठाण्यात मी ठाणे अंमलदार होतो. सकाळची हजेरी आटोपते न आटोपते तोच एका संत्रा व्यापाऱ्याचा फोन आला. आदल्या दिवशी त्याच्या बायकोचं डोहाळेजेवण झालं होतं. तिची थोरली बहीण नांदगाव पेठेहून आली होती. तिच्या गळ्यातली पोत गेली होती.

"आमची भांडेवाली मावशी काम टाकून लवकर घरी गेली," व्यापारी म्हणाला. "तिलेच आणा, जमादार. दोन सवाल केले का कबूल होते."

महिला शिपाई मावशीला घेऊन आली. मावशी म्हणाली, "माया नातवाले ताप होता, म्हणून गेली म्या. अन् पोत घेऊन घालू कुठं साहेब? आमच्या गल्लीत म्या सोनं घातलं तर गल्लीच तुमाले फोन करीन!"

मला हसू आलं. पण चोर म्हणून एकदा नाव पडलं की तिला कोणी दारात उभं करणार नव्हतं.

मग व्यापारी मेहुणीला फिर्याद द्यायला घेऊन आला. माझा अनुभव असा, की ज्याचं सोनं जातं तो न विचारता सगळं सांगतो. वजन, घडणावळ, सोनार, कोणत्या दिवाळीला केलं ते. या बाईने यातलं काहीच सांगितलं नाही. तिने एकच विचारलं, "त्या मावशीले कधी सोडता?" गळ्यावर पावडर लावलेली होती आणि पावडरीखाली हिरवट डाग दिसत होता.

मी व्यापाऱ्याला बाहेर चहाला पाठवलं. महिला शिपाई जवळ होतीच. "ताई, मी अजून काही लिहिलेलं नाही," एवढंच म्हणालो.

तिला रडू फुटलं. "दादा, ते वन ग्रॅमची हाये, वरून नुसता मुलामा. बहिणीची सासू म्हणे, नमुना लई सुंदर हाये, उद्या आपल्या सोनाराले दाखवतो. मले काही सुचलं नाही. शेडमंदी डागी संत्र्याचा ढीग होता, त्यात खुपसली. त्या मावशीचं नाव निघन हे माया ध्यानीमनी नव्हतं."

"पण खोटी घालून यायचंच कशाला?"

"नवऱ्याले कापडाच्या कंपनीत कायम नोकरी हाये. आमच्या गल्लीत पहिला फ्रिज आमच्या घरी आला. तिथं मले कधीच काही कमी वाटलं नाही, दादा. इथं उंबरा ओलांडला का मले मायं लुगडंही जुनं दिसते."

मला हे नवीन नव्हतं. सुट्टीत गावी गेलो की मी साहेब. तोच पगार घेऊन पोलीस क्वार्टरमध्ये परतलो की बायको हळदीकुंकवाला शेजारणीच्या बांगड्या मागून घालायची.

मी म्हणालो, "फिर्याद घेत नाही. पोत शोधू, पंचांसमोर परत देऊ. तुमचं झाकता येईल तेवढं झाकीन. पण मावशीवर डाग राहिला, तर मला बोलावं लागेल."

मावशीला सोबत घेऊनच आम्ही व्यापाऱ्याच्या घरी गेलो. ढिगातून पोत निघाली. मी पंचनामा मोठ्याने वाचू लागलो, "पिवळ्या धातूची पोत, नग एक..."

"पिवळ्या धातूची काय लिहून राहिले, जमादार? सोन्याची लिहा ना!" व्यापारी म्हणाला.

"भाऊ, राजाचा मुकुट आणला तरी आमच्याकडे तो पिवळ्या धातूचाच."

सगळे हसले. थोरलीचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात व्यापाऱ्याची आई मावशीकडे बघून म्हणाली, "सापडीन म्हणून काल जाता जाता ढिगात लपवली अशीन इनं. उद्यापासून येऊ नको."

मी तोंड उघडणार, तोच थोरली पुढे झाली. "काकू, तिले काही म्हणू नका. म्याच लपवली. खोटी हाये ते."

मग धाकटी जड अंगाने उठली, माझ्या हातातली पोत घेतली आणि स्वतःच्या गळ्यात घातली. "ताई, मले काहून नाई सांगितलं?" ती म्हणाली. "पाह्य बरं, मले शोभते का?"

थोरलीने मावशीचे दोन्ही हात धरले. मावशी म्हणाली, "सोडा बाई. कालचे भांडे तसेच पडले हायेत."

माणूस कमाई मोजतो ती समोरच्याच्या अंगणात उभं राहून, आणि तिथे ती नेहमी कमीच भरते. कायद्याच्या पुस्तकात हे कलम नाही. मला ते त्या घरात कळलं.

पंचांच्या सह्या घेतल्या. पंचनाम्यातलं एक अक्षरही बदलावं लागलं नाही.