फुल्या जुळल्या होत्या

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. मग तुम्हाला का सांगतोय? — तुम्ही नानांना ओळखत नाही, बहुतेक म्हणूनच.

आमचा छापखाना जळगावचा, नव्वदच्या आसपासची गोष्ट. नाना मूळचे नरडाण्याचे, ऑफसेट मशीन चालवायचे. मी काचेच्या टेबलावर फिल्म जोडायचो; त्या फिल्मवरून छपाईची प्लेट बनते. रंगीत चित्र छापायचं म्हणजे निळी, लाल, पिवळी, काळी अशा चार प्लेटा एकमेकींवर तंतोतंत बसाव्या लागतात. त्यासाठी कागदाच्या कडेला बारीक फुल्या असतात. नाना भिंग लावून त्या बघायचे. फुल्या जुळल्या की चित्र जुळलं, मग शंका घ्यायची नाही.

शंका मला होती — नानांबद्दल. दर गुरुवारी अर्धी सुट्टी टाकून हा माणूस धुळ्याला कशाला जातो? येताना कागदात गुंडाळून काय आणतो? विचारलं की नजर का चुकवतो? त्यात धुळ्याच्या एका नव्या प्रेसच्या लेबलावर मला आमच्या लेबलावरचाच केळीचा घड दिसला. तसाच तिरका, देठाजवळ तोच डाग. नानाच आमच्या फिल्म तिकडे विकतात, म्हणून माझं डोकंच फिरलं. शेठना सांगावं, तर पुरावा कुठे होता? आणि खरं सांगू? तो शोधायची मला गरजही वाटली नाही.

मग एका केळीच्या व्यापाऱ्याचं दिवाळीचं कॅलेंडर आलं, वर लक्ष्मी. मी लाल फिल्मवरचं चित्र केसभर सरकवलं — आणि त्याच्या फुल्या मात्र कापून होत्या त्याच जागी चिकटवल्या.

नानांनी फुल्या जुळवल्या. सगळा माल छापून झाला, कडा कापल्या, फुल्याही कातरणात गेल्या. लाल प्लेट कुणी तपासायच्या आत मी घासून टाकली. व्यापारी आला तेव्हा देवीच्या कुंकवाला पिवळी कड होती आणि ओठ दुहेरी. सणासुदीला हे असलं तोंड घरोघर वाटू का, म्हणून तो तडक निघून गेला. शेठ सगळ्यांदेखत नानांवर ओरडले.

"फुल्या ते जुयेल व्हत्यात, शेठ. मी देखं," नाना एवढंच म्हणाले.

"मग देवी खोटी का?"

शेठनी त्यांना तिथेच काढून टाकलं.

निघताना त्यांनी पिशवीतली कागदाची पुडी माझ्यापुढे सोडली. आत डोळ्यांत घालायच्या औषधाच्या बाटल्या होत्या. नजर अधू झाल्याचं कळलं तर मशीन हातातून जाईल, म्हणून ते धुळ्याच्या डॉक्टरकडे लपून जात होते.

"डॉक्टर म्हने, नजर सुधरी गयी," ते म्हणाले. "पन आते मना डोयांवर मनाच भरोसा नहीं, भाऊ. हाई भिंग तुले ऱ्हाऊ दे."

तेव्हा बोलता आलं असतं. एक वाक्य तर होतं. मी भिंग घेतलं. ते मलाच का दिलं, नानांना काही कळलं होतं का — असा संशयही मी नंतर त्यांच्यावर घेतला. माझा स्वभावच तसा.

केळीचा घड धुळ्याला कोणी नेला, मला अजून माहीत नाही.

नानांनी परत मशीनला हात लावला नाही. नरडाण्याला ते कुणाचा तरी हात धरल्याशिवाय रस्ता ओलांडत नाहीत, असं नंतर ऐकलं. त्यांना सगळं नीट दिसत होतं.