आठ दात्यांचं चाक

बाबा,

सहार विमानतळावर तुम्ही टॉवेलात गुंडाळलेली पितळी पाटी माझ्या हातात ठेवलीत. माझं नाव, खाली ‘सर्जन’. "पहिल्याच दिवशी दाराला लाव," म्हणालात. चार वर्षं ती अप्पर हट गावातल्या या भाड्याच्या घरात चादरींखाली पडून होती. मी इथे डॉक्टर नाही, बाबा. पत्रांतून थापा मारल्या. व्हिसाला माझी डिग्री चालली, हॉस्पिटलला चालत नाही. मी एका वर्कशॉपमध्ये झेंडे शिवते.

परवा जर्मनीतल्या एका खेड्याचा झेंडा करायचा होता. तिथला मेयर आमच्या शेजारच्या गावी पाहुणा येणार होता. हिरवा-पांढरा झेंडा, मधे ढाल, ढालीत गिरणीचं चाक. चाकाला दाते आठ की नऊ, हे विचारायला आमच्या सुपरवायझरनं, मार्गारेटनं, तीनदा जर्मनीला फोन केला. चुकलं तर त्या लोकांचा अपमान होईल म्हणे. माझं डोकंच फिरलं. माझी बारा वर्षांची ऑपरेशनं इथल्या एका कारकुनानं दोन ओळींच्या पत्रात पुसून टाकली, तेव्हा कुणाला एक फोन करावासा वाटला नाही.

चाक मी हातानं शिवलं. पोट शिवतात तसं, दर टाक्याला वेगळी गाठ. मार्गारेट कुरकुरली, "वी हॅवन्ट गॉट ऑल डे, नीलिमा." म्हटलं, एक टाका उसवला तरी बाकीचे धरून राहतात. शिकवलंय मला तसंच.

समारंभात त्या म्हाताऱ्या मेयरनं बोट लावून दाते मोजले. आठ. कुणी केलं, विचारलं. मार्गारेट कौतुकानंच म्हणाली, "आवर इंडियन गर्ल." बेचाळिसाव्या वर्षी गर्ल! "आय ॲम अ सर्जन," मी म्हटलं. मग "गुड ऑन यू, डियर," म्हणत तिनं चहाचा कप माझ्या हातात दिला. तो न पिताच मी टेबलावर ठेवला.

तशीच घरी आले नि पाटी काढली. दाराला भोकं पाडायची नाहीत, असं घरमालकानं लिहून घेतलंय. लेक म्हणाली, "बट मम, यू स्टिच फ्लॅग्ज." म्हटलं, गप स्क्रू धर.

इथल्या डॉक्टरकीच्या परीक्षेला पुन्हा बसतेय. नापास झाले तरी पाटी निघायची नाही. कॉलनीत आता खरं सांगा, मुलगी सर्जन आहे आणि झेंडे शिवते. घर कुठं विचारलं, तर पाटी आहे तिथं म्हणा. भोकांचं मी घरमालकाशी बघून घेईन.