पगारी हुतूतूच्या हंगामातला पंच

शिरूरच्या चांदभाई नालबंदांचा सख्ख्या भावावरही विश्वास नव्हता, आणि म्हणूनच गावाने त्यांना हुतूतूचा पंच केले होते. बाजारतळाच्या कडेला ते बैलांच्या खुरांना लोखंडी पत्र्या मारायचे. गिऱ्हाईक म्हणाले, ‘बैल गरीब हाय’, की चांदभाई त्याच्या पायांच्या दोरीला आणखी एक वेढा देत. गवळ्याच्या दुधापासून मास्तरांच्या घड्याळापर्यंत सगळ्यात त्यांना खोट दिसे. दोन्ही बाजूंचा सारखाच संशय घेणारा माणूस गावाला दुसरा कुठे मिळणार? वीस वर्षे त्यांनी शिट्टी वाजवली आणि कुणी त्यांच्याकडे बोट दाखवले नाही. पत्र्या मारून कुणी माडी बांधत नाही; चांदभाईंची कमाई म्हणायची तर हे नाव, एवढीच.

हुतूतूच्या पंचाला डोळ्याइतकाच कान लागतो. चढाई करणाऱ्याने एका दमात ‘हुतूतू’ म्हणत परत यायचे. मध्येच श्वास घेतला की दम तुटला, गडी बाद. काही बेरकी गडी नुसते ओठ हलवत ठेवतात आणि हळूच श्वास चोरतात. ही चोरी पकडावी तर चांदभाईंनीच.

मग अठ्ठावन्न सालचा हंगाम आला. दौंडच्या संघाने पैसे मोजून गडी जमवल्याचे कळले, तसा शिरूरच्या पोपटराव अडत्यालाही चेव चढला. त्यानेही आपल्या संघाला महिन्याचा पगार बांधला, वर दूध आणि बदाम. हुतूतू खेळायला पगार मिळतो हे तालुक्यात कुणी ऐकले नव्हते. लोक आधी हसले, मग जळले. चांदभाईंच्या मनात मात्र पाल चुकचुकली.

“आजवर गडी गावासाठी खेळत हुता,” ते पोपटरावाला म्हणाले. “आता त्यो इकत घेतलेला हाय. जो एकदा इकत मिळतो त्यो दुसऱ्यांदाबी मिळतो.”

संघातला हुकमी गडी होता मल्हारी. बापाबरोबर शेवंतीची शेती करणारा, अंगाने शेलाटा, आवाजाने बारीक, पण चढाईला गेला की दोन-तीन गडी मारूनच परतायचा. दौंडबरोबरच्या पहिल्याच सामन्यात तो पलीकडच्या कोपऱ्यात शिरला. चांदभाईंना त्याचे ओठ हलताना दिसले, आवाज मात्र आला नाही. त्यांनी शिट्टी मारली. मल्हारी चकित होऊन बघतच राहिला. पुढच्या चढाईला तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच. शिरूर हरले. पुढच्या रविवारीही असेच घडले, तेव्हा चांदभाईंची खात्री पटली.

“तुमचा मल्हारी दौंडला फितूर झालाय,” त्यांनी पोपटरावाला सांगितले. “जाणूनबुजून दम सोडतोय.”

चांदभाईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पोपटरावाने त्याच दिवशी मल्हारीला संघातून काढले. बाजारात लोक त्याच्या तोंडावर ‘विकाऊ’ म्हणू लागले. सणसवाडीच्या पाहुण्यांनी ठरलेली सोयरीक मोडली. चांदभाईंना त्याचे जराही वाईट वाटले नाही. चोराला चोर म्हटले, त्यात काय चुकले?

त्यांचा संशय आता घरातही शिरला होता. बायको सरदारबी आणि सून हमीदा दिवसभर आपल्यामागे कुजबुजतात, असे त्यांना वाटे.

“कुणीबी कुजबुजत न्हाई,” सरदारबी एकदा वैतागून ओरडली. “तुमच्या कानात मळ झालाय. तेल घाला.”

चांदभाईंना तेलाचाही संशय आला. वाटी त्यांनी अंगणात ओतून दिली.

शेवटच्या सामन्याच्या आदल्या दिवशी मल्हारी बैल घेऊन बाजारतळावर आला. दोघांनी मिळून बैल पाडला, पाय बांधले. मल्हारी मानेशी बसला, चांदभाईंकडे पाठ करून. चौथी पत्री ठोकून झाली तसा तो वळून म्हणाला, “आता माजा दम ऐका. मग काय म्हणायचं ते म्हणा.”

“म्हण,” चांदभाई गुरकावले.

मल्हारीने पुन्हा पाठ फिरवली. चांदभाई वाट पाहत राहिले. बैलाचे कान हलले.

“अरं, म्हण की.”

मल्हारी वळला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता, छाती भात्यासारखी हलत होती. “म्हणलं की,” तो म्हणाला.

पोरगा थट्टा करतोय, असेच चांदभाईंना आधी वाटले. पण पलीकडे भाजी विकणारी सिंधूबाई हातातला तराजू तसाच धरून त्यांच्याकडे बघत होती.

“ह्यानं म्हटलं?” त्यांनी तिला विचारले.

“तर वो. केवढा लांब दम,” ती जोरात म्हणाली. “तुमाला न्हाई आला ऐकू?”

चांदभाईंनी हातोडी खाली ठेवली. वीस वर्षांत किती गडी असे बाद केले असतील, आणि हे कधीपासून चालले असेल, काही उमगेना. त्यांना स्वतःची लाज वाटली. त्याहून जास्त भीती वाटली, कारण आता हे लोकांसमोर बोलायला हवे होते, आणि बोलले की जपलेले नाव उरणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी मैदान खच्चून भरले होते. चांदभाई मल्हारीला हाताला धरून मधल्या रेषेवर आले.

“ह्याचा दम तुटला न्हवता,” ते मोठ्याने म्हणाले. “माजा कान गेलाय. त्या पोराचा काय बी गुन्हा न्हाई. चूक माजी हाय.”

मग पोपटराव उठला. “कान गेला म्हणं,” तो म्हणाला. “चांदभाई, ह्याच्या बापानं किती चारले तुमाला?” मागून कुणीतरी ‘सोंग’ म्हणून ओरडले, आणि बघता बघता सगळे मैदान तेच ओरडू लागले.

चांदभाईंना नुसती गिरणीसारखी घरघर ऐकू येत होती. हलणारी तोंडे दिसत होती, शब्द कळत नव्हते. ते मल्हारीकडे वळले.

“काय म्हणत्यात रं?”

मल्हारीने एकवार त्या गर्दीकडे पाहिले. मग तो वाकला आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने म्हणाला, “म्हणत्यात, चांदभाई खरं बोलला.”

चांदभाईंचे डोळे भरून आले. त्यांनी शिट्टी गळ्यातून काढून रेषेवर ठेवली आणि चारी बाजूंना वळून, हसत हसत, सगळ्या मैदानाला सलाम केला.