मलबार हिल चढणारा

मुंबईच्या गिरणीतला हा आमच्या वाडीचा गडी शिमग्याला आला, की पोलादपूरपासून वाटभर मला मलबार हिलच सांगतो. "गुरुजी, दर रविवारी चढतो मी. काय झाडी हाय! ह्या रानात काय हाय?" हातात छडी, ट्रंक मागून येणाऱ्या आईच्या डोक्यावर. यंदा मी ट्रंकेला हात लावला, तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, तिला सवय हाय."

खिंडीतल्या देवाला म्हातारीने एका हाताने ट्रंक सावरत पाला वाहिला. "माज्या पोराचं पाय दुखू देऊ नको रे देवा." हा शीळ घालत उभा.

शेवटच्या वळणावर वाडी दिसताच त्याने ट्रंक आपल्या डोक्यावर घेतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "आये, किती येळा सांगितलं, मला न्यायला येऊ नको!"