चांदीचे डोळे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मुग्धाला नाही – आणि बायकोपासून आठ वर्षं काही लपवणं ही काय कसरत असते, ते लग्न झालेल्यांना सांगायला नको. आईला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही केलीव्हिलमध्ये आमच्या गल्लीत राहत नाही.

आमच्या कुंपणापलीकडे देस्पिनाबाई राहतात. ग्रीक आजी. एकोणिसाव्या वर्षी लग्न करून सिडनीला आल्या, आता ऐंशी उलटून गेली. आई पुण्याहून राहायला आली की रोज सकाळी दोघींची कुंपणाशी सभा भरायची. इंग्रजी दोघींचंही यथातथाच. पण चकल्या तिकडे जायच्या, लिंबं इकडे यायची, आणि गुडघे, सुना, मोतीबिंदू या विषयांना भाषा लागतेच कुठे?

आम्ही सुट्टीत ग्रीसला जाणार हे कळल्यावर त्यांनी आईच्या हातात चांदीचा एक छोटा पत्रा ठेवला. त्यावर दोन डोळे उठवलेले होते. डोळ्यांचं ऑपरेशन नीट झालं तर माझ्या बेटावरच्या मेरीमातेला चांदीचे डोळे वाहीन, असा नवस त्या बोलल्या होत्या. ऑपरेशन उत्तम झालं, पण इतक्या लांबचा विमानप्रवास डॉक्टरांनी नको म्हटला. मला या सगळ्याचं नवल वाटलं. आईला अजिबात नाही. "अरे, आपण देवीला वाहतो तेच की! बोलणाऱ्याला जमलं नाही, तर घरच्यांनी फेडायचा." देस्पिनाबाई घरच्या कधी झाल्या, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

त्या बेटावर आमचा एकच दिवस होता. सकाळी बोटीने जायचं, संध्याकाळी परत. आणि काय बेट होतं ते! पाणी इतकं नितळ की नांगराची साखळी तळापर्यंत दिसत होती. पांढऱ्याशुभ्र गल्ल्या, आणि फरशांच्या कडा चुन्याने रंगवत बसलेल्या बायका. आई थांबून एकीला म्हणाली, "व्हेरी गुड! डेली?" ती बाई हसून मान डोलावत राहिली. माझी लेक ईरा तेव्हा अकरा वर्षांची. तिने तिळाचं कडं – पावाचं – आजीसाठी घेतलं. आईने ते पर्समध्ये टाकलं. नवस फिटेपर्यंत ती तोंडात काही घालणार नव्हती.

नारायणपेठ साडी, पायात ईराचे जुने स्पोर्ट्स शूज, हातात पिशवी – माझी आई त्या टेकडीच्या पायथ्याशी उभी राहून वर बघत होती. वर देऊळ, म्हणजे चर्च. तीनशे तरी पायऱ्या. ती चढायला लागली. मी मोजत होतो – एकवीस पायऱ्या चढली, मग गुडघ्यांनी नाही म्हटलं. एका शब्दाने कुरकुरली नाही. ते चांदीचे डोळे माझ्या हातावर ठेवून म्हणाली, "तू जा. तुझ्या पायांनी मीच पोचले असं समजेन." आणि खाली चौकातल्या झाडाच्या सावलीत मुग्धा नि ईराजवळ जाऊन बसली, उपाशी.

मी गेलो. निम्म्या पायऱ्या चढलो. तिथे वळणावर एक कॅफे होतं.

दमलो होतो का? नाही. उशीर होत होता का? तेही नाही. समोर निळं पाणी होतं, सावलीत खुर्ची होती, आणि मनात आलं – पत्र्याचे डोळे, कोण बघायला आलंय? मी गार कॉफी मागवली. मग चीज घातलेली पोळीसारखी पेस्ट्री, तीही खाल्ली. पाऊण तास बसलो. निघताना तिथल्या नळाखाली तोंड धुतलं, शर्टही भिजवला. घाम दिसायला हवा ना – एवढी अक्कल बरोबर चालली.

"वाहिले?" आईने विचारलं.

"वाहिले."

"यक, बाबा, यू आर सो स्वेटी!" ईरा म्हणाली.

केलीव्हिलला परतल्यावर देस्पिनाबाईंनी कुंपणावरून माझे दोन्ही हात धरले. मेरीमातेपुढे किती दिवे होते? मी म्हटलं, सात. त्यांच्या लहानपणी पाच होते म्हणे. दोन वाढले, म्हणून त्या रडल्या. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात – माझ्या कपाळी लिंबं आली. अजून येतात, पिशवी भरून. त्यांना अजून छान दिसतं. लांबून मला ओळखून हात करतात. आणि ते डोळे माझ्या टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये आहेत, जुन्या चार्जरांखाली.

पण एवढंच असतं तर मी तुमचा वेळ घेतला नसता. बघा, अजूनही मी कडेकडेनेच चाललोय. त्या चौकातलं एक सांगायचं राहिलंय.

आमच्या घरी रीत आहे – देवाला जाऊन आलेल्याच्या पाया पडायचं. तिथे वय बघायचं नाही, नातं बघायचं नाही. आजोबांचा धाकटा भाऊ काशीहून आला तेव्हा आजोबासुद्धा त्याच्या पाया पडले होते. मी "वाहिले" म्हटलं, आणि आई उठली. झाडाचा आधार घेत, एकवीस पायऱ्यांनी सुजलेले ते गुडघे कसेबसे वाकवत, ती खाली वाकली. मला कळलं ती काय करतेय. पुरेसा वेळ होता. एक पाऊल मागे सरकलो असतो तरी पुरलं असतं.

मी सरकलो नाही. आईने माझ्या दोन्ही पायांना हात लावला, ते हात डोळ्यांना लावले, आणि मग पर्समधून ते तिळाचं कडं काढून अर्धं मोडलं, आणि मोठा तुकडा मला दिला.

मी तो खाल्ला.