पूर्ण एक मिनिट

सकाळी चहाच्या आधी बाई स्वतःची नाडी मोजत. डाव्या मनगटावर उजव्या हाताची बोटं, छातीवर उलटं टाचलेलं छोटं घड्याळ, आणि पूर्ण एक मिनिट. तेवढा वेळ घरात कुणी बोलायचं नाही. भाची कप घेऊन दारात उभी राहायची. स्वयंपाकघरातला नळसुद्धा बंद व्हायचा. मोजून झालं की बाई कपासाठी हात पुढे करत. आकडा मात्र कधी सांगत नसत.

त्या घड्याळामुळे नर्सिंग कॉलेजातल्या मुली त्यांना घड्याळबाई म्हणत. औषधशास्त्र शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. सुरुवातीला त्या फळ्यावर हृदय काढायच्या आणि सांगायच्या, "डिगॉक्सिनची गोळी दमलेल्या हृदयाला सावकाश चालायला लावते. ते आधीच फार सावकाश चालत असेल, तर हीच गोळी त्याला खाली बसवते. मग ते उठत नाही. म्हणून आधी नाडी. साठच्या खाली असली तर गोळी द्यायची नाही, डॉक्टरांना बोलवायचं."

मुली भान हरपून ऐकत. परीक्षेत मात्र त्यांच्या उत्तरांत हृदय दमायचं, बसायचं, आणि मात्रा लिहायची राहून जायची. निकाल पडला तेव्हा प्राचार्य सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, तुम्हाला नर्स घडवायच्यात की कवयित्री?" सगळे हसले. बाईही हसल्या. त्या दिवशी पुसलेलं हृदय फळ्यावर पुन्हा आलं नाही.

त्यानंतर वर्ग एका सुरात म्हणू लागला: नाडी पूर्ण मिनिट मोजावी. तक्त्यावर लिहावी. गोळी द्यावी. जी अडखळेल तिनं काठोकाठ पाणी भरलेला ट्रे दोन्ही हातांवर धरून उभं राहायचं. सांडलं तर पुसायचं, पुसून पुन्हा भरायचं. एकदा एका मुलीनं विचारलं, "पण बाई, नाडी मोजायची कशासाठी?"

"सासरी विचारतील म्हणून," बाई म्हणाल्या. वर्ग खो खो हसला. त्यानंतर कुणी काही विचारलं नाही. निकाल मात्र असा लागू लागला की प्राचार्य बाईंना बघून खुर्चीतून उठत.

निवृत्तीआधीच्या शेवटच्या तुकडीत एक मुलगी होती. न थांबता, न चुकता सगळं म्हणून दाखवायची. मैत्रिणींनी तिचं नाव रेडिओ ठेवलं होतं. बाई नव्या मुलींना तिच्याकडे बोट दाखवून म्हणत, "ऐका. असं यायला हवं."

त्याच वर्षी रस्त्यापलीकडच्या मेडिकल कॉलेजातून एक तरुण डॉक्टर प्रश्नांचे कागद घेऊन आला. विद्यार्थ्यांना औषधं कितपत समजतात, ते त्याला बघायचं होतं. एक प्रश्न असा: रुग्णाची नाडी फारच कमी आहे आणि त्याला डिगॉक्सिन लिहून दिलं आहे, तुम्ही काय कराल? नर्सिंगच्या मुलींनी एकजात लिहिलं, नोंद करून गोळी द्यावी. मेडिकलच्या बहुतेकांनी लिहिलं, नर्सला विचारावं.

"नावं, मात्रा माझ्यापेक्षा पाठ आहेत त्यांना," डॉक्टर बाईंना म्हणाला. "पण का, ते कुणालाच ठाऊक नाही. दोन्हीकडे तीच बोंब."

"आधी तुमची पोरं आवरा," बाई म्हणाल्या. "माझ्या पोरी निदान काही देतात तरी."

"तेच तर म्हणतोय मी."

"माझा निकाल बघा आणि मग बोला." निरोप समारंभात बाईंनी हा किस्सा डॉक्टरची नक्कल करून सांगितला. लोक पोट धरून हसले.

वर्षभरातच बाईंचे पाय सुजले, जिना चढताना धाप लागू लागली. मेडिकल कॉलेजच्याच वॉर्डात दाखल व्हावं लागलं, आणि गोळी लागली ती डिगॉक्सिनची. वॉर्डात शिकाऊ नर्स म्हणून रेडिओची पाळी होती. बाई खाटेवरूनच सूचना देत, "अंगठ्यानं नाही मोजायची. टोपी सरळ कर."

एका सकाळी त्यांनी भाचीला विचारलं, "ही चादर पिवळी पडलीय का गं?"

"पांढरीशुभ्र आहे की, मावशी."

ती गोळी अंगात साठली की मळमळतं, सगळं पिवळं दिसायला लागतं. हे बाईंनीच कधीकाळी शिकवलं होतं. त्यांनी नाडी मोजली. थोड्या वेळानं रेडिओनंही मोजली, सुरेख अक्षरात लिहिली आणि गोळी पुढे केली. बाईंनी ती तोंडात टाकली, वर पाणी प्यायल्या, आणि मुलीची पाठ वळताच रुमालानं तोंड पुसलं. गोळी रुमालात आली. दुसऱ्या दिवशीही तसंच. तोंडातून मात्र शब्द आला नाही. आला असता, तर तो त्या डॉक्टरच्या कानावर गेला असता.

शेजारच्या खाटेवर एक बोळक्या तोंडाच्या आजी होत्या. त्यांनाही तीच गोळी होती. "मास्तरीणबाई, झोपेतसुद्धा हजेरी घेता हो तुम्ही," असं म्हणून त्या स्वतःच हसत. तिसऱ्या दिवशी भाची उशाशी बसली होती. बाहेर आभाळ भरून आलं होतं. खिडकीतून समोरची धोबीखान्याची भिंत तेवढी दिसायची.

"आज ऊन काय झकास पडलंय!" आजी म्हणाल्या. "भिंत कशी हळद लावल्यासारखी दिसतेय. मळमळतंय म्हणून, नाहीतर जरा फिरून आले असते."

बाईंनी हात लांब करून त्यांचं मनगट धरलं.

"मैत्री करताय होय माझ्याशी?" आजी लाजल्या.

पूर्ण एक मिनिट. मग बाईंनी मनगट सोडलं.

रेडिओ आली. ओठ हलवत तिनं आजींची नाडी मोजली, तक्त्यावर लिहिली. शिकाऊ डॉक्टरनं सही करता करता विचारलं, "नाडी बघितलीस ना?"

"बघितली."

"मग झालं."

तेवढ्यात दारात डॉक्टरांचा राउंड आला. पुढे तोच कागदवाला डॉक्टर.

"अगं," बाईंनी हाक मारली. रेडिओ वळली. आजींनी पाखराच्या पिल्लासारखा आ वासून ठेवला होता. बाईंची नजर दाराकडे गेली आणि परत आली.

"टोपी," त्या म्हणाल्या. "वाकडी झालीय."

मुलीनं एका हातानं टोपी सरळ केली आणि दुसऱ्या हातानं गोळी आजींच्या जिभेवर ठेवली.

दुपारी आजींच्या खाटेभोवती पडदा ओढला गेला. कागदवाला डॉक्टर तक्ता हातात घेऊन उभा होता.

"नाडी एवढी कमी लिहिलीस, आणि खाली लिहितेस गोळी दिली?"

रेडिओनं तिन्ही वाक्यं त्याच सुरात म्हणून दाखवली. मग ती बाईंकडे वळली. "असंच ना, बाई? तुम्ही सांगा ना यांना."

बाई पांघरुणाची घडी नीट करत होत्या. "पाठ अगदी बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण डोकं घरी ठेवून या, असं मी नव्हतं सांगितलं."

कुणीतरी फिसकन हसलं. रेडिओला कॉलेजातून काढलं. डॉक्टरनं सगळ्यांचे तक्ते पुन्हा तपासले, बाईंची गोळी बंद केली, आणि एवढ्या गोळ्या पोटात जाऊनही त्या निभावल्या कशा, म्हणून नवल केलं. "नशीब," बाई म्हणाल्या.

घरी रुमाल धुवायला घेताना भाचीच्या हाताला गाठ लागली. आत अर्धवट विरघळलेल्या गोळ्या होत्या. शेजारच्या आजींचं सोनेरी ऊन तिनंही ऐकलं होतं. तिनं रुमाल धुतला, वाळत घातला. पण दुसऱ्या दिवसापासून ती कप घेऊन दारात थांबेनाशी झाली. चहा टेबलावर ठेवायची आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायची. बादली भरून वाहिली तरी तो वाहतच राहायचा.

बाई त्यावर कधी बोलल्या नाहीत. त्या बोलल्या ते अगदी शेवटच्या सकाळी, मनगटावर बोटं ठेवलेली असताना, आणि तेही रोजच्याच आवाजात:

"नळ बंद कर गं जरा. मोजताना चुकतंय माझं."